रविवारी मी का हरतो

आळेफाटा,
दिवाळी उलटली, कांद्याची लागण चालू

दोस्त (आणि सोयरिकीत मेहुणा) आदेश यास,

भरत मोटार रिवायंडिंगवाल्याचा राम राम. चिरंजीव लिहावं तर तू माझ्याच वयाचा, तीर्थरूप लिहावं एवढी अजून तुझी लायकी नाही, आणि नुसतं 'आद्या' लिहिलं तर तुझी बहीण इंद्रायणी पाकीट चिकटवायच्या आधी वाचणार आणि 'माझ्या भावाला जरा मान देऊन लिहा' म्हणून परत लिहायला बसवणार. तेव्हा वरचं गोड मानून घे. इकडे सगळे खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? जर्मनीच्या थंडीत पाठ धरते का? भाकरीला पीठ मिळतं का? (मिळत असेल तर थापायला कोण मिळतं, हा पुढचा प्रश्न तुझ्या बहिणीचा आहे. तिनं विचारायला सांगितलं, मी विचारला, माझं काम संपलं.)

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. पारगावच्या सावळेराम तात्यांची श्रेया शिकायला तिकडे येते आहे. तिच्याबरोबर तुझ्या आईनं शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा पाठवला आहे. ठेच्याचा वास विमानात सुटू नये म्हणून पिशवीत पिशवी, त्या पिशवीत पिशवी असं बांधकाम केलंय, त्यातल्याच एका पिशवीत हे पत्र सरकवलं. कागदाला लसणाचा वास आला तर तो माझा नव्हे.

आता मुद्दा. गेल्या रविवारी आपला ऑनलाइन गेम संपल्यावर तू मला लिहिलंस, "दाजी, राग नका मानू, पण तुमच्यात आता दम नाय राहिला. इथं कंपनीतला एकजण चांगला खेळतो. पुढच्या महिन्यापासून रविवारी त्याच्याबरोबर बसत जाईन म्हणतो." आद्या, हे वाचून माझं जेवण गेलं. (नंतर परत आलं, कारण घरात मासवडी केली होती, आणि मासवडीपुढे कुणाचंच दुःख फार वेळ टिकत नाही.) पण तू हे पाऊल उचलू नयेस म्हणून मी का हरतो याचा सविस्तर खुलासा करतो. दोष माझा नाही. दोष जॉयस्टिकचा आहे.

तुला ती ओळखीची आहे. मंचरला स्टँडामागं आपलं गेम पार्लर होतं, तिथल्या डावीकडच्या मशीनची. मी तेव्हा मंचरला जळक्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरायला शिकत होतो आणि तू कॉलेजात शिकतोयस असा तुझ्या घरच्यांचा समज होता. त्या मशीनवर आपली ओळख झाली, तिथंच भांडणं झाली, आणि तुझी आई चिमाबाई पारगावहून एसटीनं येऊन तुला कानाला धरून न्यायची ती तिथूनच. (पहिल्यांदा चुकून तिनं माझा कान धरला होता. पुढं मी जावई झालो, पण त्या गोष्टीचा उल्लेख आजतागायत आमच्या दोघांत झालेला नाही.) खरं सांगू? लग्नात मांडवाच्या दारात तू मला 'अहो दाजी' म्हणालास ना, तेव्हा मला बायको मिळाली आणि दोस्त गेला. तोवर मी 'भरत्या' होतो. एवढ्याशा सोयरिकीनं माणूस एकदम वयस्कर होतो बघ.

तर ते पार्लर बंद पडलं, मशीन भंगारात गेलं, आणि मी ती जॉयस्टिक फळीसकट उचलून आणली. लाल बोंडाची, बटणांसकट. पहिल्यांदा ती आपल्या जुन्या, पिवळ्या कॅसेटच्या गेमला जोडली. मग वाटलं, तू जाताना ठेवून गेलेला, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला मधला कन्सोल नुसता पडून आहे, त्यालाही जोडावी. आणि तुझ्याशी खेळायला घेतलेला हा नवा, त्याच्याबरोबर जे दोन्ही मुठींत धरायचं खेळणं येतं ते काही आमच्या घरात कुणाच्या हाताला बसेना. म्हणजे तीन कन्सोल आणि एक जॉयस्टिक. तीन जावांच्या घरात एकच पाटा असावा तसं झालं.

वरवर बघता काम सोपं आहे. जॉयस्टिक म्हणजे आत चार खटके, वर, खाली, डावा, उजवा, बाकी बटणं. प्रत्येक कन्सोलला मात्र फक्त आपल्याच रिमोटची भाषा कळते. म्हणून मी तिन्हींचे रिमोट उघडले, त्यांच्या बटणांखालून केसासारख्या तारा काढल्या आणि सगळ्या जॉयस्टिकच्या फळीखाली आणल्या. कुठल्या कन्सोलवर खेळायचं ते ठरवायला पंपाच्या पॅनलवरचे फिरवायचे खटके एकावर एक बसवले. नावं विजेच्या तीन फेजांचीच दिली: आर म्हणजे जुना, वाय म्हणजे मधला, बी म्हणजे नवा. तीन फेजचा माणूस मी, मला तीन म्हटलं की बरं वाटतं.

चालू केलं, तर उजवीकडे दाबलं की गडी डावीकडे पळतो. आता आमच्या धंद्यात मोटार उलटी फिरली तर फार विचार करत नाहीत. कुठल्याही दोन तारा अदलाबदल करायच्या, मोटार सुलट. मी डोळे झाकून दोन तारा बदलल्या. तर उजवीकडे दाबलं की गडी उडी मारायला लागला. आणखी दोन बदलल्या. आता जुन्यावर सगळं सरळ, पण मधल्यावर गडी खाली मान घालून बसलेला आणि नव्यावर भिंतीला धडका देतोय. मी बदलत राहिलो. आर सुधारला की वाय बिघडायचा, वाय सुधारला की बी. दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागली. चाळकवाडीचा संपत रोज येऊन उभा राहायचा. शेवटी म्हणाला, "भाऊ, माझं कांद्याचं रोप वाळाय लागलंय आन तुमी भावल्या नाचवताय व्हय?" मी त्याला म्हटलं, बस जरा, हे उजवीकडे दाबून बघ. तो बसला तो अंधार पडेपर्यंत उठला नाही. रोपाचं पुढं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

शेवटी इंद्रायणी चहा द्यायला आली, घटकाभर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आवो, काठीच उलटी बसवलीया. फिरवून बसवा की." खरंच रे. भंगारातून आणताना फळी साफ करायला मी जॉयस्टिक काढली होती, ती परत बसवताना अर्धा वेढा फिरली होती. ती सरळ केली. आणि मग अर्थातच मी तोवर जेवढ्या तारा बदलल्या होत्या, त्या सगळ्या परत बदलाव्या लागल्या.

एवढं करून नवा कन्सोल निराळाच निघाला. थोडा वेळ चालायचा, आणि ऐन भरात आला की 'हे उपकरण ओळखीचं नाही' म्हणून पाटी लावून मोकळा. आपल्या गावात अनोळखी माणूस आला की पारावरचे विचारतात ना, कुणाचं पावणं? आणि ओळखीचं नाव सांगितलं की सरकून बसायला जागा देतात. तसंच हे. मग मी उघडून तारा काढलेला तो रिमोट टाकून दिला आणि त्याच कंपनीचा एक धडधाकट रिमोट अख्खाच्या अख्खा फळीखाली बसवला. कन्सोल विचारतो, तो उत्तर देतो, आणि आमची मंचरची काठी त्याच्या नावावर आत घुसते.

तर असं हे जुगाड. आता तूच सांग, एवढ्या तारांतून फिरून माझं बटण तुझ्या जर्मनीपर्यंत पोचायला उशीर होणार नाही तर काय? मी ठोसा मारतो तेव्हा तुझा गडी तिथून निघून गेलेला असतो. लाल बटण कधी लागतं, कधी नाही. म्हणून मी हरतो. तेव्हा थोडा धीर धर, मी तारा बदलतो आहे, दम येईल. पण रविवार मोडू नकोस. आठवडाभर मी जळक्या मोटारींचा वास घेत बसतो आणि रविवारी दुपारची वाट बघतो, एवढं लक्षात ठेव. तुझी आठवण येते रे. हे मी फोनवर म्हणणार नाही, लाज वाटते.

तब्येतीला जप. ठेचा जपून खा, तिकडचे शेजारी पोलीस बोलावतील.

तुझा भरत्या (मांडवाच्या दारापासून दाजी)

ता. क. जॉयस्टिकमध्ये काही दोष नाही. तिन्ही कन्सोलवर लोण्यासारखी चालते. एक बटण चुकत नाही. वर लिहिलं ते मी चार दिवस जुळवत होतो, पण पाकीट चिकटवताना इंद्रायणीनं वाचलं आणि म्हणाली, "खरं लिवा, न्हाईतर मी लिवते."

पुन्हा ता. क. रविवारी तुझ्याशी मी खेळत नाही. कधीच खेळलो नाही, पहिला एक रविवार सोडून. तुझी आई खेळते.

त्या पहिल्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. तुझा आवाज टीव्हीतून आला तशी पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली. नव्या रिमोटला तिनं हात लावला नाही, पण लाल बोंडाची काठी मात्र जात्याचा खुंटा धरावा तशी धरली आणि सोडलीच नाही. तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या गाडीनं पारगावहून निघते. जावयासमोर बसायचं नाही म्हणून मला माझ्याच घरातून बाहेर काढते. मी घराला लागूनच्या दुकानात मोटार भरत बसतो आणि तिथून शिकवतो: इंद्रे, आईला सांग लाल बटण. मग आतून निरोप येतो, त्यांना सांग, कळलं.

आणि आद्या, तिला आता खेळता येतं. परवा तिनं संपतला हरवलं, तो तेव्हापासून मोटार न्यायला आलेला नाही. तुझ्यापुढे ती हरते, कारण तू जिंकलास की "भरत्या, ऊठ, घरी जा!" म्हणून पार्लरात हसायचास तसा हसतोस. ते हसणं ऐकायला ती गाडी पकडते.

शेवटचा ता. क. माईक बिघडलाय म्हणून मी तुला सांगितलं होतं, तोही धडधाकट आहे. तिनं बंद ठेवायला लावलाय. मध्यंतरी एका रविवारी खेळताना तू म्हणालास, "दाजी, इथं रविवार लई मोठा असतो राव, कुणाशी बोलावं कळत नाय," तेव्हा ती आत काठी धरून तुला उत्तर देत होती, कितीतरी वेळ. मी दुकानातून ओरडलो, इंद्रे, माईक चालू कर, आईचं ऐकू दे त्याला. तर पहिल्यांदाच सासूबाई इंद्रायणीला मध्ये न घालता थेट माझ्याशी बोलल्या.

"नगा करू, जावयबापू. माझा आवाज आला तर फोनवरल्यावानी पुन्यांदा 'बरा हाय, जेवलो, ठेवतो' म्हनंल."