कोरडी डबी

मंगळवार, दिवेलागण. बोरीवली.

आज डेंटिस्टच्या खुर्चीत बाबांनी तोंड उघडलं आणि मला बघवेना. सासऱ्यांचं तोंड इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलंच नव्हतं. टाळूवर पांढरे चट्टे, हिरडी सोललेली. डॉक्टर म्हणाली, "फ्लूमध्ये तोंड कोरडं पडतं. त्यात यांनी आठ दिवस कवळी काढलीच नाही. आत बुरशी झालीय, जखमाही."

आठ दिवस. आणि कवळीची ती डबी बेसिनवर रोज कोरडी. मीच पुसून जागेवर ठेवत होते ना! एकदाही डोक्यात आलं नाही.

रिक्षात विचारलं, "का नाही काढलीत, बाबा?" खाली बघत म्हणाले, "सुनेसमोर बोळक्या तोंडान कसो बसू गो?" सासूबाई होत्या तोवर त्यांच्याशिवाय कुणी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. आता तापात उशाशी दिवसरात्र मीच.

आणि शुक्रवारी "तोंड जळता गो" म्हणत त्यांनी ताट सरकवलं, तेव्हा मी काय बोलले? "पुरे झाले नखरे." असं बोलले मी. का बोलले?

घरी आल्यावर त्या डबीत पाणी घातलं. पेज त्यांच्यासमोर ठेवली आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, दात नसलेला, अनोळखी: "पेज बरी झाली गो. मीठ अगदी बरोबर."

जखमांना झोंबेल म्हणून मी मीठ घातलंच नव्हतं.