लांब डावं वळण

४ नोव्हेंबर, मंगळवार

यादीत ऋषी पहिला येतोय! पुन्हा पुन्हा तपासलं. तोच.

नियम मीच केला होता. कोण कितवा आला ते बघायचं नाही. हंगामाच्या आधी ज्याचा जो वेग होता, त्याच्या किती खाली तो उतरला, ते बघायचं. सगळ्यांना एकच माप. आणि त्या मापाने यंदा सगळ्यात निराश करणारा ड्रायव्हर म्हणजे माझा धाकटा भाऊ.

जितेंद्रसरांना फोन केला — सर, हा लेख दुसऱ्या कुणाला द्या. म्हणाले, "आपल्या साइटवर मोटार रेसिंग कळतं कुणाला? भाऊ आहे अशी खाली एक ओळ टाका. परवा हवाय."

नियम थोडासा बदलावा का? थोडासाच?

छे.

५ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, पित्त. खोटंच सांगितलं.

६ नोव्हेंबर

दिवसभर ऋषीच्या गाडीतल्या कॅमेऱ्याची चित्रणं बघितली. यंदाच्या सगळ्या शर्यती चेन्नईच्या एकाच ट्रॅकवर. बाकी ट्रॅकभर तो पूर्वीइतकाच वेगात आहे. वेळ जातो तो एकाच जागी — लांब डाव्या वळणावर. बाकीचे तिथे ॲक्सिलरेटर दाबून धरतात. हा पाय काढतो. न बघताही कळतं, इंजिनाचा आवाज मऊ होतो. दर फेरीला, दर शर्यतीत.

जुलैत, हंगामाच्या आधी सराव करताना, तिथेच तो भिंतीवर गेला होता. खांदा निखळला होता.

मग लिहिलं — "अपघातानंतर या वळणाची ऋषीच्या मनात भीती बसली आहे." दुसरं काय लिहू? दिसतंय ते लिहिलं. खाली नात्याची ओळ टाकली. पाठवून दिलं.

१६ तारखेला चेन्नईला शेवटची शर्यत. त्यानंतर टीम ठरवणार, पुढच्या वर्षी गाडी याला द्यायची की दुसऱ्याला. बाबा बुटीबोरीच्या कारखान्यातून आले की बूट काढायच्या आधी विचारतात, "काय म्हणते वं टीम?" जणू मीच टीम!

८ नोव्हेंबर

आईबरोबर गांधीबागेच्या कापडबाजारात गेले होते, पडद्याचं कापड बघायला. दुकानात माझ्या वर्गातली दिपाली भेटली. शाळेतली सवय, चारचौघांत मोठ्यानेच — "काहून वं सुरुची, तुझा भाऊ गाडी चालवून राहिला का ढकलून राहिला?" मग म्हणे, "अन् तूच लिवलं नं! घरचीच चुगली!"

हसले मी. आई हसली नाही. रिक्षात मला म्हणाली, "खरं असंल तर लिवावंच लागते. पण त्याले आधी एक फोन कराचा होता."

हो. करायचा होता.

ऋषीकडून काही नाही. एरवी दिवसाला दहा फालतू फोटो पाठवतो.

९ नोव्हेंबर

सीताफळं आली. यमुआत्याने नेहमीप्रमाणे आपल्या वाट्याचं माझ्या ताटलीत सरकवलं.

यमुआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आम्हा दोघांना चौथीपर्यंत घरी तिनेच शिकवलं, शाळा नंतर. पाढे, शुद्धलेखन, आणि तिचे स्वतःचे कायदे. त्यातला एक — गळ्याची शपथ ज्याने घातली, त्यानेच "सुटली" म्हणायचं. तोवर पाळायची. भांडताना आम्ही एकमेकांना शंभर शपथा घालायचो आणि ती झोपायच्या आधी सगळ्या सोडवून घ्यायची.

तिला खोकला होता तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, घातली होती — सीताफळ खाशील तर माझ्या गळ्याची शपथ. मग काका अचानक गेले. सोडवायची राहून गेली.

आज विचारलं, आत्या, खाल्लं तर काय होईल गं?

"होत काई नाही. पण सोडवणारा गेला नं, बाई."

बिया मात्र तीच वेचून ठेवते. पेरायला.

११ नोव्हेंबर

ऋषीचा फोन! चेन्नईहून.

रागावला असेल म्हणून मी आधीच सॉरी सॉरी सुरू केलं. म्हणाला, "अवं थांब नं. चांगलं लिवलं तू. सगळं बरोबर हाय. फक्त तो एक शब्द — भीती. तेवढा चुकला."

मग बरोबर शब्द कोणता? सांग, मी दुरुस्त करते.

"जाऊ दे."

जाऊ दे काय? चुकीचं छापलं असेल तर दुरुस्त व्हायला नको?

तेव्हा म्हणाला, "ताई, दवाखान्यात तू काय म्हटलं होतं मले?"

आठवलं. त्याचा खांदा बांधलेला, मी त्याचा दुसरा हात धरून रडत होते. त्या वळणावर पाय काढशील. माझ्या गळ्याची शपथ.

अरे, पण ते तर तेव्हापुरतं! मी रडत होते, काहीही बोलले!

"मंग? तू सुटली म्हटलंच कुठं?"

१२ नोव्हेंबर

जितेंद्रसरांना सांगून "भीती" काढायला लावली. आता तिथे "वेग कमी करून चालवतो" आहे. खाली दुरुस्तीची टीपही टाकायला लावली. सर वैतागले.

म्हणजे त्याचा सगळा हंगाम मी खाल्ला. वर त्यालाच यादीत पहिला टाकलं!

आणि कालच, फोनवरच, "सुटली" म्हणता आलं असतं. एकच शब्द. जिभेवर होता. डोळ्यांसमोर ती भिंत आली. म्हटलं, उद्या बोलू.

१३ नोव्हेंबर

आजही म्हटलं नाही.

१४ नोव्हेंबर

यमुआत्याला सगळं सांगितलं. वाटलं रागवेल, किंवा म्हणेल, पोराचा जीव मोठा, राहू दे तशीच. ती शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

मग म्हणाली, "तुया काकाले वेळ भेटला नाही. तुले भेटून राहिला."

१५ नोव्हेंबर

केला फोन. हेल्मेट पुसून राहिलो म्हणाला.

ऋष्या, सुटली.

"काय?"

सुटली म्हटलं! शपथ सुटली! पुन्हा विचारू नको, मला म्हणता येणार नाही.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "बरं."

आत्या दारात उभी होती. आत निघून गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटून तिसरा. बाबा टीव्ही बंद करून अंगणात गेले.

त्या वळणावर त्याने आजही पाय काढला. दर फेरीला. आवाज मऊ झाला की मी डोळे मिटत होते.

संध्याकाळी त्याचा फोन. "ताई, शपथ होती तोवर बरं होतं वं. तिच्या मागं लपता येत होतं." मग थोडं थांबून — "तो शब्द परत टाक. तू बरोबर लिवला होता."

घरी ये म्हटलं. आधी घरी ये.