कपाटातला बारावा खण

मी, जिला घरीदारी सगळे खळबाई म्हणतात, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा बुकबाइंडिंग, माझ्या राहत्या घरी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणून पाहावे, एवढेच म्हणते. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात भाऊजींबद्दल एक वाक्य होते, मुख्यतः ते रद्द करायचे आहे.

१. दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेत उरेल ते माझा भाचा आणि भाची यांना निम्मे-निम्मे. भांडू नका. भांडलातच तर जिन्यात भांडा, खोल्यांच्या भिंती पातळ आहेत.

२. दाभणे आणि कात्र्या समोरच्या शिंप्याला. मोठी कात्री गेली नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे, तेव्हा ती आणून देण्याची तसदी त्याने आता घेऊ नये.

३. ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मी काहीही देत नाही. वाचणाऱ्याने भुवया उंचावू नयेत. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला आहे, आणि ताईला साक्षीदारच व्हायचे आहे. वय एक्याऐंशी, हट्ट सात वर्षांच्या पोरीचा.

४. कपाट. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, सुतार होते. बावन्न वर्षांपूर्वी मी दुकान टाकले तेव्हा दोरे-कागद ठेवायला बारा खणांचे कपाट करून देतो म्हणाले. आले ते अकरा खणांचे, खालच्या ओळीत एक भगदाड. विचारले तर म्हणाले, लाकूड संपले. नंतर कितीदा मागितला, उत्तर तेच. मेव्हणीला फुकट द्यायचे म्हणून अर्धवट दिले, असे मी अर्धे शतक चारचौघांत बोलून दाखवले.

त्याच महिन्यात ताईचे पहिले बाळ मृत जन्मले होते. ताई इस्पितळात गुंगीत होती. भाऊजी बाळाला घेऊन गेले, परत आले, आणि मुलगा की मुलगी, कुठे ठेवले, यातले एक अक्षर बोलले नाहीत. विसरून जा म्हणाले. ताई विसरली नाही, फक्त विचारायची थांबली. भाऊजींना जाऊन आता सहा वर्षे झाली. हा माझा त्यांच्यावरचा दुसरा राग, आणि मोठा.

गेल्या वर्षी भाचीने घराण्याचा तक्ता करायला घेतला. ताईखाली दोन रेघा ओढल्या, एक भावाची, एक स्वतःची. तिचे काय चुकले? ताईने आयुष्यभर प्रत्येक अर्जावर ‘मुले दोन’ असेच लिहिले होते. ताईने तक्ता पाहिला, छान झालाय म्हणाली, आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. ते मला बघवले नाही.

भाची आणि मी नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात गेलो. जन्माच्या रजिस्टरात नोंद नाही, कारण बाळ जिवंत जन्मले नव्हते. मृत्यूच्या रजिस्टरात नाही, कारण ते जगलेच नव्हते. अशा बाळांची तिसरी, पातळ वही असे. ती कुठे आहे, असे भाचीने कारकुनाला विचारले. ती कुठे गेली ते फक्त मला ठाऊक होते.

चाळीस वर्षांपूर्वी त्या कार्यालयाच्या वह्यांची बांधणी माझ्याकडे होती. पुठ्ठ्याची टंचाई होती. साहेब म्हणाले, या पातळ वह्यांत बाळांची नावेसुद्धा नाहीत, यांना कोण विचारणार, यांचेच पुठ्ठे करा. आम्ही बाइंडर रद्दीची पाने खळीने एकावर एक चिकटवून पुठ्ठा करतो. मी केला, आणि पाणीपट्टीच्या सतरा रजिस्टरांना घातला. तेव्हा मला ताईची आठवणसुद्धा झाली नाही.

कार्यालयाची परवानगी काढून मी ती सतराही रजिस्टरे नव्याने बांधून दिली आणि जुने पुठ्ठे घरी आणले. कोमट पाण्यात भिजवून एकेक पान सोडवले. खळीत मोरचूद घालायची माझी सवय, म्हणून कसर लागली नव्हती. अकराव्या पुठ्ठ्यात ताईचे नाव निघाले. मुलगी. पूर्ण दिवसांची. वजन पावणेसात पौंड. जुनी दफनभूमी, भिंतीकडची ओळ, जागा एकोणीस. शेरा: वडिलांनी लाकडी खणात घालून आणले, खणाला पितळी मूठ.

माझ्या कपाटाच्या अकराही मुठी पितळी आहेत. लाकूड संपले नव्हते.

ताईला मी नोंद वाचून दाखवली. ती म्हणाली, “वजन परत वाच.” मी वाचले. “मी म्हणत होते ना, चांगली भरलेली होती,” ती म्हणाली. मग नुसते, “मुलगी.” आम्ही दोघी पोटभर रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सोडवलेली सगळी पाने, एकूण चारशे सहा बाळे, मी चामड्याच्या पाठीची वही बांधून कार्यालयाला परत केली.

भाऊजी, खणावरून मारलेले सगळे टोमणे मी मागे घेते. न बोलल्याचा राग मात्र पुरता गेलेला नाही. तो घेऊनच येते, समोरासमोर बोलू.

तर कपाट भाचीला. अट एकच, त्या जागेत कोणी नवा खण बसवू नये. भाच्याच्या हाताला बापासारखी खाज आहे, त्याने तर फळीही ठोकू नये. माझ्या थोरल्या भाचीच्या नावे काही ठेवता येईल का, असे मी वकीलबाईंना विचारले. जिवंत न जन्मलेल्याला देता येत नाही, म्हणाल्या. ठीक आहे. ती रिकामी जागा मी कोणालाच देत नाही. ती तिचीच आहे.

५. तक्ता मी कापडी बांधणीत बांधला आहे. ताईखाली तिसरी रेघ भाचीने ओढावी, सर्वांत आधीची. रेघेखाली कोणते नाव घालायचे ते ताई सांगेल. मुलाचे एक आणि मुलीचे एक, अशी दोन नावे तिने बावन्न वर्षे जपली होती.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही करत आहे.

स्थळ: माझे घर, कपाटासमोर
दिनांक: अकरा मार्च
सही: खळबाई

लिहिणारीने आमच्या देखत सही केली आणि आम्ही तिच्या देखत केली:

१. गल्लीतले डॉक्टर. बुद्धी तपासली, शाबूत आहे.

२. लिहिणारीची थोरली बहीण. वय एक्याऐंशी. मुले तीन.