‘कोसावरचं पाणी’ पुन्हा निघणार

१४ जाने. ९६, रवि.
दुकान बंद. आक्काकडे माधवनगरला गेलो. एस.टी.त जागा मिळाली, मिरचीच्या पोत्याला टेकून झोपलो.
आक्काकडे एक बाई आलेल्या. शोभना मॅडम, सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवतात. आपल्या शाहिरांची जुनी गाणी गोळा करतात. दाजींची ‘कोसावरचं पाणी’ ही दुष्काळाच्या गाण्यांची कॅसेट त्यांना पुन्हा काढायची आहे, या चौदा एप्रिलच्या जयंतीला. नुसती तीच नाही, आधीच्या तालमीच्या वगैरे टेपा मिळतील त्याही जोडून. दोन कॅसेटींचा संच.
मिल बंद पडल्यापासून दाजी फारसे बोलत नाहीत. आज स्वतः उठून बाईंना पाणी दिलं. आक्का दारातून बघत होती. बारा वर्षं या घरात त्या कॅसेटचं नाव निघालेलं नाही.
मॅडमनी विचारलं, रेकॉर्डिंग तुम्हीच केलंत ना? हो म्हणालो. पोहे खाल्ले. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

२० जाने.
मॅडम कोरेगावला दुकानात आल्या, पत्ता विचारत विचारत. पीटर मास्तरांच्या बायकोकडून एक टेप मिळाली. पीटर मास्तर म्हणजे मिलमधले टाइमकीपर, दाजींना गिटार त्यांनीच शिकवली. वारले तीन वर्षांपूर्वी. टेप ८१ सालची, चाळीतल्या खोलीत भरलेली, लाइटवरच्या मशीनवर. कुणी ऐकलेलीच नाही. बुरशी आली होती. हेड पुसला, टेप नव्या डबीत घातली, लावली.
दाजींचा आवाज. जाड, पोटातून येणारा, सावकाश. खाली गिटार, बाजूला ढोलकी. आपल्या कॅसेटवरचंच टँकरचं गाणं, पण माणूस पाण्याच्या रांगेत उभा राहून बोलतोय असं.
समोर रेडिओ घेऊन आलेलं गिऱ्हाईक उभं राहिलं ते गाणं संपेपर्यंत हललंच नाही.
मग मॅडमनी ‘कोसावरचं पाणी’ लावायला सांगितली. तेच गाणं, बारीक आवाजात, पळत. आणि पुढचं प्रत्येक गाणं त्याच्याहून बारीक.
त्या म्हणाल्या, “मी हे वीसेक वेळा ऐकलंय. विहिरीचं पाणी जसं खाली जातं तसा यांचा स्वर वर चढत जातो. हे ठरवून केलेलं आहे. तेव्हा कुणाला कळलंच नाही.”
असेल, म्हणालो.
त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं ‘असेल’ आता कॅसेटच्या आतल्या कागदावर छापून येणार.

२२ जाने.
इथे तरी लिहितो.
८३ ची दिवाळीची सुट्टी. जत तालुक्यात दाजींच्या बहिणीचं गाव, शाळा रिकामी, वर्ग दाजींनी मागून घेतला. दुष्काळाची गाणी दुष्काळात बसून गायची हा त्यांचा हट्ट. गावात लाइट नव्हती. माझी टेप सेलवर चालायची. नवे सेल दाजींनी जतहून आणून माझ्या हातात दिले होते.
मी ते माझ्या ट्रान्झिस्टरमध्ये घातले. मॅच चालू होती. निंबाखाली पंचवीसेक माणसं कॉमेंट्री ऐकायला बसली होती आणि ट्रान्झिस्टर माझा होता. सासुरवाडीत मिळाला नसेल एवढा मान मिळत होता.
टेपमध्ये घातले जुने, कौलावर उन्हात ठेवलेले. उन्हात ठेवले की सेल थोडा वेळ जोर धरतात, हे तर घरोघरी करतात. पण ते टिकत नाहीत. सेल उतरत जातात तशी टेप हळू फिरते, आणि हळू फिरताना भरलेलं गाणं नंतर चांगल्या मशीनवर लावलं की पळायला लागतं. मला हे माहीत होतं. माझा धंदाच हा. वाटलं, गाणी संपेपर्यंत तग धरतील.
मिरजेच्या कॅसेट कंपनीवाल्यानं विचारलं होतं, आवाज असा चढत का जातो. म्हणालो, ते तसंच गातात.

२८ जाने.
सोमवारी अर्धवट राहिलं होतं ते. ८४ च्या जयंतीला भोंग्यावर कॅसेट लावली. पहिलं गाणं ठीक गेलं. चौथ्यापासून माणसं हसायला लागली. कुणी म्हणालं डिस्को शाहीर. पेपरात कुणीतरी लिहिलं, शाहिरी म्हणजे पोरांची बडबडगीतं नव्हेत.
दाजींनी आपला आवाज असा बाहेरून पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांना वाटलं आपण घाबरून वर गेलो. आपला आवाज मुळात असाच आहे असंही वाटलं असेल. पण गिटारचं कोडं त्यांना सुटत नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, “सुभाष, गिटारबी कशी रं चढली?”
मी म्हणालो, तिथलं ऊन दाजी, लाकूड ताणलं असेल.
त्यांनी ते खरं मानलं. हे वाद्य आपल्या उन्हातलं नाही म्हणाले आणि दुसऱ्या आठवड्यात गिटार पीटर मास्तरांना परत देऊन आले. त्यानंतर गायले नाहीत. जयंतीलासुद्धा मागे बसायचे.

४ फेब्रु., रवि.
माधवनगर. मॅडमनी लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. चांगलं लिहितात. विहीर, स्वर, खोल, उंच. दाजी मान खाली घालून ऐकत होते.
आक्का म्हणाली, हल्ली कट्ट्यावर जाऊन बसतात, दाढीही एक दिवसाआड. गल्लीत सांगितलंय त्यांनी, आवाज चढवला तो मी मुद्दामच.
मॅडम गेल्यावर दाजी मला घेऊन नळाकडे आले. कळशी भरायला लावली आणि हळूच म्हणाले,
“मला काय आटवत न्हाई बग. खरंच मुद्दाम केलं हुतं का रं मी?”
तुमचं तुमालाच म्हाईत, म्हणालो. कळशी भरली तरी नळ बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.
परतीच्या गाडीत विचार केला. नाही सांगितलं तर कुणाचं काय जातं? दाजींना मान मिळतोय, मॅडमना लेख मिळतोय. सांगितलं तर बाईंचं सगळं लिहिणं वाया आणि दाजी कट्ट्यावर तोंडघशी. एवढा सोयीचा विचार मला नेहमी कसा सुचतो कोण जाणे.

११ फेब्रु.
दुकानात टीव्हीच टीव्ही. वर्ल्ड कप तोंडावर आहे, सगळ्यांना या आठवड्यातच पाहिजेत. एकालाही हात लावला नाही.
शटर अर्धं ओढून ती कॅसेट घेऊन बसलो. डेकच्या मोटरला मागे बारीक भोक असतं, आत स्क्रू. तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. पीटर मास्तरांच्या टेपवरची गिटार कानात धरायची आणि ही गिटार तिच्याजवळ येईपर्यंत खाली आणायची. प्रत्येक गाण्याला वेगळं. शेवटच्या गाण्याला स्क्रू पार टोकाला गेला. एकेक गाणं दुसऱ्या डेकवर भरून घेतलं.
सकाळी नऊला बसलो ते चारला उठलो. जेवलो नाही. मंगल डबा घेऊन आली आणि विचारलं, कोण गातंय. दाजी, म्हणालो. ती शेजारी टेबलावरच बसली. तीन गाणी ऐकली, मग म्हणाली, “मग तेव्हा ते तसलं काय होतं?”
तिला सांगितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे तिला माहीत नव्हतं. तिनं डबा उघडून पुढे केला.
गाणी चांगली आहेत. फार चांगली आहेत. ८१ च्या टेपपेक्षा चांगली, कारण मधे दोन वर्षं त्यांनी रोज पाळी संपल्यावर घासली होती. शेवटच्या गाण्यात मेंढरं हाकणाऱ्या माणसाची कानडी आरोळी आहे. कॅसेटवर ती ऐकून लोक सगळ्यात जास्त हसले होते. वेगावर आणली तर अंगावर काटा आला.
लाज वाटली. इतकी वर्षं वाटत होती असं समजत होतो, पण ती ही नव्हती.

१८ फेब्रु.
माधवनगरला टेप नेली. आक्का बाजारात गेली होती, बरं झालं. दाजींना म्हणालो, एक ऐका. लावली.
दोन गाणी झाली. डोळे मिटून गुडघ्यावर बोटं चालली होती. तिसऱ्याला म्हणाले,
“ह्यो कोन गातोय? लय चांगला गातोय गड्या.”
तुमीच दाजी, म्हणालो.
त्यांना वाटलं पीटर मास्तरांची टेप. मी म्हणालो न्हाई, जतची. तीच कॅसेट, मोटरचा स्क्रू फिरवून वेगावर आणलेली. मग सगळं सांगितलं. नवे सेल, ट्रान्झिस्टर, मॅच, कौलावरचे सेल. उन्हानं लाकूड ताणलं ते खोटं, तेही.
सांगताना आवाज दुसऱ्याचाच वाटत होता. दाजींनी टेप बंद केली नाही. गाणं संपलं, बाजू संपली, बटण आपोआप वर आलं. मग उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. तासभर बसलो, आले नाहीत. आक्का आली, जेवून जा म्हणाली. जेवलो.

२१ फेब्रु.
मॅडमचा दुकानाच्या फोनवर फोन. दाजींनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं. मग म्हणाल्या, माझा मजकूर फाडावा लागेल. रागावल्या नव्हत्या, दमल्यासारख्या वाटल्या.
पण त्यांनी एक बरोबर विचारलं. कॅसेट कुठल्या वेगावर काढायची? लोकांनी ऐकली ती, की गायली ती? म्हणाल्या, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. कंपनीला टेप ५ मार्चला द्यायची आहे. दाजींना विचारून कळवा.
आक्काला चिठ्ठी पाठवली.

२८ फेब्रु.
उत्तर नाही. चार टीव्ही झाले. आक्काच्या शेजारच्यांना फोन लावला होता, ती आली फोनवर. दाजी जेवतात, झोपतात म्हणाली. कट्ट्यावर जात नाहीत. टेप त्यांच्याकडेच आहे, पण लावत नाहीत. “तू केलंस काय रं त्यांना?” असं तिनं विचारलं. नंतर सांगतो म्हणालो.

३ मार्च, रवि.
रविवार असूनही दुकान उघडलं, कामं तुंबलीत. अकराच्या सुमाराला दाजी आले. कोरेगावला ते दुकानात आजवर आलेच नव्हते. स्टुलावर बसले. पाणी दिलं, चहा मागवला. सगळीकडे बघितलं, उघडे टीव्ही, वायरी. एका मोटरकडे बोट दाखवून विचारलं, ह्येच व्हय ते स्क्रूचं? दाखवलं. फिरवून बघितलं त्यांनी.
मी म्हणालो, दाजी, माझं चुकलं. कधी तरी म्हणायचंच होतं. म्हटल्यावर काही हलकं झालं नाही.
त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आवाज न चढवता,
“तवाच सांगितलं असतंस तर दोन शिव्या घातल्या असत्या तुला. आन् दुसऱ्या दिवशी नवं सेल आणून परत गायलो असतो.”
मग साडेबाराची गाडी आहे म्हणाले. स्टँडपर्यंत सोबत गेलो. खिडकीशी बसले. वेग कुठला ठेवायचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही. आता गळा चालतो का, तेही विचारलं नाही.
मॅडमचा फोन उद्या येईल. दाजी काय म्हणाले विचारतील. म्हणाले ते एवढंच.