धुळ्याला फाटलेलं फडकं

सर, धुळ्याला तुमची फजिती झाली ती माझ्यामुळे. एकदाचं लिहून टाकते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज माझ्या विद्यार्थिनीनं उन्हावर काम करणारा पातळ पडदा दाखवला. रंगाचं घाण पाणी त्यातून स्वच्छ उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिथं बसवेना.

तेव्हा आपल्या जळगावच्या कॉलेजात असलं काही नव्हतं. होती फक्त टायटॅनियमची पांढरी भुकटी, भिंतीच्या रंगात घालतात ती. "ऊन पडलं की ही घाण खाते, आणि उन्हाला आपल्याकडे काय तोटा!" असं तुम्ही म्हणायचात. ती कशावर तरी बसवायची होती. तुम्ही काच म्हणालात. मी मोठी शहाणी, घरून पाणी गाळायचं धोतराचं फडकं आणलं. आमच्याकडे हंड्यावर दुहेरी फडकं बांधल्याशिवाय पाणी भरतच नाहीत. मला वाटलं, गाळायचं तर कापडच हवं. गच्चीवर ट्रे, त्यावर भुकटी बसवलेलं फडकं, वरून रंगाऱ्याच्या हौदातलं लाल पाणी. संध्याकाळपर्यंत नितळ! मी नाचायचंच काय ते बाकी ठेवलं. तुम्ही खेकसलात, "रंग गया म्हणजे पानी चांगलं व्हयनं का?" चिडलात की तुमची अहिराणी बाहेर यायची. मग डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हळूच माझ्यापुढे सरकवलीत.

आठवड्याभरानं फडकं धुतेय, तर ते बोटांखाली विरतंय. भुकटी घाणीबरोबर कापडही खात होती. मला कळलं, सर, तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याला पाहुण्यांसमोर प्रयोग होता. तुम्ही इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. मी गप्प बसले. भर दुपारी, सगळ्यांदेखत फडकं टरकन फाटलं आणि पांढरा राडा पाण्यात. लोक हसले. "चूक माझी आहे, काचच घ्यायला हवी होती," तुम्ही म्हणालात. परतीच्या एसटीत मला फक्त "जेवलीस का?" विचारलंत. त्यानंतर तुम्ही तो विषयच सोडलात. केवढी आशा होती तुमची त्यावर!

हा कागद तुमच्या मुलाला द्यायला मघाशी निघाले होते. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले, परत फिरले. भुकटी कशावर बसवायची हे समजावताना मी दरवर्षी मुलींना धुळ्याची गोष्ट सांगते. माझ्या गोष्टीत फडकं सर आणतात. आजही तसंच सांगितलं.