भाऊबीजेचे बूट

९ नोव्हेंबर २००२, शनिवार

भाऊबीजेची ओवाळणी आज पोचली. थोडी उशिरा, पण थेट जर्मनीहून. ज्ञानेशदादाच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुट्टीवर सिन्नरला आलेत, ते नाशिकला येऊन खोकं देऊन गेले. आत सायकल चालवायचे खास बूट. काळे, चंदेरी पट्ट्यांचे. निवड दीपमालावहिनींची.

दादाचं लग्न मे महिन्यात झालं आणि महिन्याभरात दोघं जर्मनीला गेली. त्यामुळे नणंद म्हणून वागायची माझ्यावर अजून वेळच आलेली नाही. पण मी आधीच ठरवून ठेवलंय. नाक मुरडणारी, वस्तू उलटीपालटी करून बघणारी नणंद व्हायचं नाही. वहिनींनी लोकांना सांगावं, नणंद असावी तर अशी.

बूट घालून पाहिले. सुंदर. बोटं एकमेकांच्या जरा जवळ येतात. टाच पूर्ण आत जात नाही, पण वस्तू नवीन आहे, तिलाही रुळायला वेळ द्यायला हवा.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ

दर रविवारचा फोन. वहिनींनी विचारलं, माप बरोबर आलं का? मी म्हटलं, अगदी मापात. त्या म्हणाल्या, मला खात्रीच होती, लग्नात तुम्ही माझी चप्पल घातली होतीत ना, तेव्हाच लक्षात ठेवलं, आपला पाय एक.

त्याचं असं झालं. लग्नात कार्यालयाच्या दारातून माझ्या चपला गेल्या. वहिनींनी आपल्या रुखवतातल्या नव्या काढून दिल्या. पुढून बोटं बाहेर, मागून टाच बाहेर, मधला पाय तेवढा चपलेवर. पण नव्या नवरीला पहिल्याच दिवशी काय सांगायचं? दिवसभर तशीच मिरवले. वरातीतही चालले.

चौथीपर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं. त्यांचा पहिला धडा: खरं बोलावं, पण कुणाला दुखवू नये, दोन्ही जमत नसेल तर गप्प बसावं. परदेशी फोनवर गप्प बसणं बरं दिसत नाही. म्हणून बोलले.

१२ नोव्हेंबर

कुंदनला बूट दाखवले. पलीकडच्या बिल्डिंगमधली कुंदन, आम्ही दोघी रोज सायकलवरून कॉलेज रोडच्या ऑफिसात बरोबर जातो. ती म्हणाली, मंजू, तळाला हे लोखंड कसलं? मी म्हटलं, हे पॅडलमध्ये अडकतं, परदेशात तशी पॅडलं असतात. ती म्हणाली, आणि आपल्याकडे? आपल्याकडे नसतात.

फरशीवर चालून दाखवलं. खट्, खट्, खट्. आतून आई ओरडली, कुणाचा टांगा आला गं? कुंदन म्हणाली, काकू, टांगा नाही, नुसती घोडी आलीय.

हसू देत. दादा-वहिनी नाताळात येणार आहेत. तेव्हा सगळ्यांनी सायकलवर सोमेश्वरला जायचं आणि मी हेच बूट घालायचे. ठरलं. सव्वा महिना आहे. तेवढ्यात लोकांचे नवे गुडघेसुद्धा बसवून होतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

सराव. गंगापूर नाक्यापर्यंत. पॅडलही लोखंडाचं, बुटाचा तळही लोखंडाचा, त्यामुळे पाय घसरतो. नडगी दोनदा सोलली. अंगठ्याला मुंग्या. मुंग्या येतात म्हणजे रक्त फिरतंय, चांगलंच आहे.

संध्याकाळी फोनवर वहिनींना सांगितलं, पाय लोण्यात ठेवल्यासारखे वाटतात. त्या म्हणाल्या, अच्छा.

२० नोव्हेंबर

कुठेतरी वाचलं होतं, ओल्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की बूट सैल होतात. केलं. सैल झाले नाहीत, पण शाई आत उतरली. डाव्या तळव्यावर लासलगावचा कांद्याचा भाव उमटलाय. उलटा.

२३ नोव्हेंबर

कुंदनचा नवा उपाय. हरभरे भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे आणि पिशवी बुटात ठोसायची. हरभरे फुगतात, बूट ताणला जातो.

दुपारभर मन तयार होईना. पायताणात अन्न! मग विचार केला, शिजलेलं ते अन्न. न शिजलेलं ते धान्य. धान्य खळ्यावर बैलांच्या पायाखालीच असतं. बैलाला चालतं तर मला का नाही. शिवाय माझे पाय धुतलेले असतात.

ठेवले. देवाला नमस्कार केला. आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पिशव्या काढल्या, क्षणभर ओट्यावर ठेवल्या, ऑफिसला उशीर झाला.

संध्याकाळी ताटात हरभऱ्याची उसळ. आई म्हणाली, आज तू न सांगता कडधान्य भिजवलंस, मोडसुद्धा आणलेस, कसं सुचलं बाई? बाबांनी दोनदा मागून घेतली. म्हणाले, चव काही वेगळीच आहे.

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, माझा सोमवार आहे. आई म्हणाली, कधीपासून? म्हटलं, आजपासून. खोटं ठरू नये म्हणून आता दर सोमवारी उपास धरणं आलं.

बूट तेवढेच आहेत. वास मात्र आलाय.

१ डिसेंबर, रविवार

वहिनींना आज बुटांबद्दल सविस्तर सांगितलं. लेस, शिवण, पट्ट्यांची चमक, ऑफिसात कोण कोण काय म्हणालं. नुसतं छान म्हटलं तर वरवरचं वाटतं, बारकाईने सांगितलं की खरं वाटतं. त्या मध्येच गप्प झाल्या. लाईन खराब असावी. मग दादा फोनवर आला. म्हणाला, मंजे, तुला बुटांशिवाय दुसरा विषय नाही का गं?

बायकोचं कौतुक केलेलं भावांना सोसत नाही, असं ऐकलं होतं. आज पटलं.

८ डिसेंबर, रविवार

वहिनी फोनवर आल्याच नाहीत. दादा म्हणाला, अंघोळ करतेय. तिकडे ऐन दुपार. थंडीच्या देशात तसंच असेल.

निरोप ठेवला: वहिनींना सांग, त्यांचे बूट घातल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

फोन ठेवल्यावर टोचणी लागली. गेले आठ दिवस मी स्लीपरवरच फिरतेय. लगेच बूट घातले आणि कोपऱ्यावरून कढीपत्ता आणला. आता निरोप निदान आजच्यापुरता खरा. आई म्हणाली, कढीपत्ता घरात होता.

१५ डिसेंबर

अंगठ्याचं नख निळं. काळं झालं की बुटांना शोभून दिसेल. फोन आलाच नाही. तयारीत असतील. सोमेश्वरच्या आधी आठवडाभर बुटांना विश्रांती द्यायचं ठरवलंय. माझ्यासाठी नाही, बुटांसाठी.

२० डिसेंबर, शुक्रवार

आले! वहिनी आई-बाबांच्या पाया पडल्या, मला चॉकलेटचा डबा दिला. फार बोलल्या नाहीत. प्रवासाचा शीण.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी लगेच बूट घालून आले आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. खट्, खट्. म्हटलं, वहिनी, बघा, पायातून निघतच नाहीत. वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे पाहिलं. मग वहिनी झोपायला गेल्या.

खूश झाल्या असाव्यात.

२२ डिसेंबर, रविवार

सोमेश्वर. दादा बाबांच्या सायकलवर, वहिनी कुंदनच्या, मी माझ्या. वाटेतल्या आनंदवल्लीपर्यंत पायांची जाणीव होती. पुढे राहिली नाही, त्यामुळे सोपं गेलं.

एक गोष्ट सव्वा महिन्यात माझ्या लक्षातच आली नव्हती. देवळात जायचं तर बूट काढावे लागतात.

लेस सुटली. बूट सुटेना. पाय आत फुगून बसलेले. मी म्हटलं, तुम्ही दर्शन घेऊन या, मी चपला सांभाळते. तिथे फुलांची टोपली घेऊन ठमाबाई बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांवर तीच नजर ठेवते. ती म्हणाली, तू चपला राखायच्या, मंग म्या काय करू, ताई? आत जाऊन बसू का देवाजवळ?

दादा हसत आत गेला. वहिनी गेल्या नाहीत. म्हणाल्या, वन्सं, पाय इकडे करा. मी म्हटलं, नको, तुम्ही मोठ्या, माझ्या पायाला हात कसा लावणार. त्यांनी ऐकलं नाही. पायरीवर बसून दोन्ही हातांनी बूट धरला आणि ओढला. सुटला तेव्हा त्या बुटासकट ठमाबाईच्या झेंडूंत जाऊन पडल्या.

मग त्यांना माझा अंगठा दिसला. विचारलं, हे कधीपासून? सांगावंच लागलं. ओवाळणी आल्यापासून.

त्यांनी तो बूट स्वतःच्या पायात घातला. सरळ आत गेला. त्यांनी ओढणीत तोंड लपवलं. मला वाटलं, संपलं, दुखावल्या. मी सगळ्यासाठी माफी मागत सुटले. चपलेसाठी, हरभऱ्यांसाठीसुद्धा. ओढणी बाजूला झाली तर त्या हसत होत्या. मग थोड्या रडल्या. नीट कळेना.

म्हणाल्या, अहो, दर रविवारी बूट, बूट, बूट! लोण्यात पाय, शिवण अशी न् चमक तशी. मला वाटलं, तुम्ही टोमणे मारताय. ओवाळणी पसंत पडली नाही, म्हणून गोड बोलून सोलताय. ज्ञानेशला म्हटलं होतं, तुझी बहीण दिसते तशी साधी नाही हं. या खेपेला नाशिकला यायलाच नको म्हणत होते मी.

ठमाबाई फुलं गोळा करता करता म्हणाली, नणंद-भावजय का? वाटलंच मला. त्याबिगर कुणी असं करत नाय.

वहिनींनी देवळासमोरच मला शपथ घातली. यापुढे जे असेल ते सरळ तोंडावर सांगायचं. मी घेतली. घरी येताना दोन्ही बूट त्यांच्या पायात आणि मी अनवाणी. वाटेत दोघींनी खूप गप्पा मारल्या. इतकी हलकी मी कित्येक दिवसांत नव्हते. खरं बोलणं किती सोपं असतं! उगाच घाबरत होते.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज वहिनींनी या घरात पहिल्यांदाच एकटीने सगळा स्वयंपाक केला. भरली वांगी. आईला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर विचारलं, कशी झालीत?

बाबा म्हणाले, वा! आई म्हणाली, छान हो. दादा म्हणाला, फर्स्ट क्लास. मग वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. मसाला थोडा कच्चा लागतो. शपथ घेतलीच होती, म्हणून पोळ्यांच्या जाड कडांचंही सांगून टाकलं.

वहिनी हो का म्हणून आत गेल्या. आईने मला टेबलाखालून चिमटा काढला. बाबा ताटातल्या वांग्याकडे बघत राहिले.

काहीतरी करायला हवं होतं. आत गेले. वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी पातेल्यात उरलेली सगळी वांगी ताटात घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या खायला लागले. मध्ये मध्ये पाणी. वहिनी वळून बघत राहिल्या. म्हणाल्या, वन्सं, एवढी खारट झालीत तर खाताय कशाला?

शपथ होती. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

त्यांनी माझ्या हातातून ताट काढून घेतलं आणि दादाला हाक मारली. आता दोघं गॅलरीत आहेत. काय बोलतात ते ऐकू येत नाही, पण माझं नाव दोनदा आलं. वहिनींनी डोक्याला हात लावलाय.

कौतुकच चाललं असणार. मी आणखी एक तांब्या भरून घेते.