इंजनावरची खूण

॥ जय सेवालाल ॥

कोइमतूर
ता. ११ जून २०२५

ती. ममताबाईस,
लहान भाऊ इंद्रजीतचा पाया पडून राम राम. वि. वि.

मी इथं बरा आहे. तू, बा आणि वहिनी खुशाल असान असं धरून चालतो. पत्र पाहून चमकशीन. फोन काहून नाही केला म्हणशीन, तं फोन वहिनी उचलते, आणि बा खाटेवरून कान देते. ही गोष्ट तुले एकटीलेच सांगायची आहे, म्हणून तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकून राह्यलो. अक्षर सातवी नापासाचं आहे, हासू नको.

आमच्या गॅरेजात पन्नास-साठ वर्षांच्या मोटारी नव्यासारख्या करतात. मेस्त्री मणिअण्णाले हिंदीचे चार शब्द येतात, बाकीचं पान्हा दाखवून सांगते. पण त्यानं मले इंजन वाचाले शिकवलं. इंजनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक साच्यातूनच वर उठून आलेले. गंज घासून त्यावर खडू फिरवला की दिसतात. त्यावरून इंजन कोणत्या जातीचं, कोणत्या साली ओतलं ते समजते. दुसरा नंबर पंच ठोकून खोल केलेला, तो त्या एकट्या इंजनाचा. माणसाचं आडनाव आणि अंगठा समज.

मागच्या हप्त्यात नांदेडच्या भंगारवाल्याकडून एक इंजन आलं. खडू फिरवला तं आपल्या जीपच्याच जातीचं निघालं. अशी इंजनं आता किती उरली असतीन? आपला थोरला उत्तमभिया जीप घेऊन गेला त्याले या ऑगस्टात चार वर्षं होतात. त्यानं जीप विकली असन तं ती फिरत फिरत भंगारात गेली असन. इंजन आपलंच निघालं तं भंगारवाल्याले धरून भियापर्यंत जाता येईन. वहिनीच्या सोडचिठ्ठीच्या बैठकीआधी हे झालं तं बरं. पेटीत गाडीचं आरसी बुक आहे, त्यातला इंजन नंबर लिहून पाठव. कोणाले बोलू नको.

माया असू दे.
तुझा,
इंद्रजीत

॥ जय सेवालाल ॥

फुलसावंगी तांडा
ता. २० जून २०२५

चि. इंद्रजीत यास,
ममताचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचेपर्यंत खिचडी खाली लागली. तुझं अक्षर सातवीत होतं त्याहून बिघडलं आहे.

बाची तब्येत तशीच. भियाचं नाव घरात काढू देत नाही. चार वर्षांपूर्वी साऱ्या तांड्यासमोर म्हणाला होता ना, की बाई घेऊन पळालेला पोरगा मले मेला. तेव्हापासून तो शब्द धरून बसला आहे. भागीरथावहिनी पहाटे उठते, वावरात जाते, कोणाशी बोलत नाही. लग्नकार्यात हळद लावायला तिला बोलवत नाहीत. परवा पाण्यावर एकीनं तोंडावर विचारलं, नवऱ्यानं टाकलं तरी चुडा कोणासाठी भरते. वहिनी हंडा घेऊन घरी आली.

तिचे वडील फुलसिंगकाका आखाडाच्या अवसेला येणार आहेत. त्या दिवशी बैठकीत सोडचिठ्ठी होईल आणि आर्णीकडच्या एका बिजवराशी तिचं जमवतील. मी तिला विचारलं, तुझ्या मनात काय. ती म्हणाली, त्यानं मले टाकलं असन तं मी आजच जातो, पण मले टाकलं हे अजून मले तरी पटलं नाही.

नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. दोनदा ताडून पाहिला. लवकर कळव.

जेवत जा. ताईचा लोभ आहेच.
ममता

॥ जय सेवालाल ॥

कोइमतूर
ता. २९ जून २०२५

ती. ममताबाईस,
इंद्रजीतचा राम राम. वि. वि.

नंबर जुळला नाही. पहिला आकडासुद्धा जुळला नाही. मी रॉकेलनं पुसून, उजेडात नेऊन, मणिअण्णाले दाखवून पाह्यला. कोणी घासून नवा ठोकला असन म्हणून ती जागा बोटानं चाचपली. तेही नाही, नंबर अस्सल आहे. इंजन आपलं नाही. तुले उगाच घोर लावला, माफ कर. मले तं त्या दिवशी भूक लागली, चार परोठे खाल्ले.

बरं झालं आपलं नाही. काल ते खोललं. आतमधी नदीची रेती गच्च भरली होती. एक दांडा वाकून गेला होता, पिस्टनले धरून ठेवते तो. मणिअण्णानं हात जोडले आणि बाजूले झाला. मग मले समजावलं. बंद गाडी बुडाली तं दांडा सरळ राहते. चालत्या इंजनात पाणी शिरलं तरच तो असा वाकते, कारण पाणी दाबलं जात नाही. म्हणजे गाडी पाण्यात गेली तवा कोणीतरी ती चालवून राह्यला होता. कोण्या घरचा होता कोणास ठाऊक. त्याच्या घरी समजलं तरी असन का.

वहिनीले सांग, बैठकीत मन घट्ट करजो. मी नांदेडच्या स्टँडवर भियाले पाह्यलं ते सारा तांडा जाणते. जो गेला तो गेला. तिनं आपलं पाहावं.

पगार झाला की बाले स्वेटर धाडतो. आठवण ठेवजो.
तुझा,
इंद्रजीत

॥ जय सेवालाल ॥

फुलसावंगी तांडा
ता. ८ जुलै २०२५

चि. इंद्रजीत यास,
ममताचा आशीर्वाद.

पिशवीतून घरी आणलेलं तुझं पत्र बाच्या हाती लागलं. त्याला वाचता येत नाही, पण पाकिटावरचं तुझं अक्षर ओळखतो. समोर बसवलं आणि वाच म्हणाला. मी दोन्ही पत्रं वाचली. दांडा वाकला ते त्यानं पुन्हा वाचायला लावलं.

नंतर त्यानं सांगितलं ते मला नवीन होतं. तू पाळण्यात असताना जीपचं मूळ इंजन फुटलं. बानं दारव्ह्याच्या बाजारातून एका जुन्या गाडीचं इंजन घेऊन बसवलं. साहेबाच्या कचेरीत खेटे घालायला नकोत म्हणून आरसी बुकात ते कधी चढवलंच नाही. तेव्हा बुकातला नंबर त्या फुटक्या इंजनाचा आहे, इंद्रजीत. भिया हरवल्याची तक्रार दिली तेव्हा पोलिसांनाही बानं तोच नंबर दिला.

ते इंजन आतून घासून घ्यायला, बोअरिंगला, टाकायचं होतं तेव्हा बाला भीती वाटली, मिस्त्री बदलून देईल. आकड्यांवर त्याचा भरवसा नाही. आजोबा बैलांवर माल लादून लदणीवर जाताना परक्याच्या हवाली बैल करायचे तर आधी त्याला घरचा डाग द्यायचे. बानं छन्नीनं तोच डाग इंजनावर ठोकला. दोन उभ्या रेघा, त्यांना जोडणारी आडवी, खाली एक ठिपका. इंजन ज्या कानावर गाडीत बसतं, त्या डाव्या कानाच्या पाठीमागे. तिथं बघ म्हणतो. हे सांगताना त्यानं तो डाग बशीतल्या चहात बोट बुडवून जमिनीवर काढून दाखवला.

आता माझा एक प्रश्न. भिया पंचमीच्या आठवड्यात गेला, तेव्हा पैनगंगेला पूर होता; त्या साली पुन्हा तेवढं पाणी आलं नाही. तू त्याला नांदेडला पाहिलंस ते पोळा झाल्यावर. जीप होती, शेजारी बाई होती, असं तू सांगितलंस म्हणून आपण शोध थांबवला. डाग निघाला तर खोटं कोण, इंजन का तू? वहिनीनं पत्रं वाचली आहेत. मी लपवू शकले नाही. ती हेच विचारते आहे.

उत्तर तिलाच लिही.
ममता

॥ जय सेवालाल ॥

कोइमतूर
ता. १७ जुलै २०२५

ती. भागीरथावहिनीस,
दीर इंद्रजीतचा लांबूनच नमस्कार. वि. वि.

डाग आहे. डाव्या कानाच्या मागं, तेलाच्या थराखाली. दोन उभ्या, एक आडवी, खाली ठिपका. मी नखानं चाचपला.

त्यावर नांदेडच्या भंगारवाल्याले फोन लावला. पयले तो बोलेच ना, चोरीचं समजला. मग त्यानं सांगतलं. मागच्या उन्हाळ्यात पैनगंगा आटली तवा रपट्याच्या, म्हणजे त्या बुटक्या पुलाच्या, खालच्या डोहात जीपचं टप दिसलं. गावकऱ्यांनी काढली. स्टेअरिंगमागं माणूस होता, म्हणजे हाडं होती. नंबरपाटी वाहून गेलती, चेसिसवरचा नंबर गंजानं खाल्ला होता. पोलिसांनी इंजनाचा नंबर ताडून पाह्यला, तो कोणत्याच तक्रारीत निघाला नाही. मग बेवारस म्हणून त्याचं क्रियाकर्म केलं आणि जीप भंगारात काढली. मी त्या ठाण्यातही फोन केला. जमादार भला माणूस होता. हातात चांदीचं कडं होतं, तुटलेलं, तांब्याच्या तारेनं बांधलेलं, ते मुद्देमालात ठेवलं आहे म्हणाला. ती तार तुमीच बांधलती, वहिनी. तो कुठून कुठं चालला होता हे इंजन सांगत नाही. एवढं सांगते की जीप विकली नव्हती, तोच चालवत होता.

भियानं तुमाले टाकलं नव्हतं.

आता माझं. पोळ्यानंतर बानं मले एकट्यालेच नांदेडले धाडलं होतं, तिथं स्टँडवर मी एक हिरवी जीप पाह्यली, लांब, गर्दीपल्याड. तशा दहा फिरतात. तोंड दिसलं नाही. पळत जाऊन पाहू शकत होतो, गेलो नाही. घरी आलो आणि भिया दिसला म्हणून सांगतलं. बाई तं कुठंच नव्हती. नुसता भिया म्हटलं असतं तं बानं मले उलट्या पावली परत धाडलं असतं. बाई म्हटली तवाच तो खाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं.

तुमी बाईचं रंगरूप विचारलं होतं. मी तेही सांगतलं. हिरवं लुगडं म्हटलं. तुमी त्या दिवसापासून हिरवं नेसला नाहीत, हे मी पाह्यलं आणि गुमान राह्यलो. मग पंधरा दिवसांत इकडं पळून आलो. चार वर्षांत तीन गावं बदलली, एका जागी बसवत नाही. सारे म्हणतात पोरगा चंचल आहे.

बाले सांगा, बुकातल्या नंबराचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊ नको. त्यानं नंबर चढवला नाही हे खरं, पण शोध थांबवला तो मी.

मी उद्याच्या गाडीनं निघतो. पयले ठाण्यात जाऊन कड्याचा अर्ज देतो, बाचा अंगठा लागन तं ममताबाईनं त्याले घेऊन यावं. अवसेच्या बैठकीत मी उभा राहून सारं सांगीन. फुलसिंगकाका मारतीन तं मारू द्या, कोणी आड येऊ नका. चुडा ठेवायचा का उतरवायचा, आर्णीले जायचं का नाही, ते तुमी ठरवा.

तुमी विचारान, असं काहून केलं. लय दिवस झाले, मी उत्तर घासून पुसून पाह्यलं, दुसरं निघत नाही. महिनाभर बाच्या मागं मागं गावोगाव फोटो दाखवत फिरलो होतो. दुसऱ्या दिवशी आपल्याले नदीच्या काठाकाठानं विचारत जायचं होतं. माझ्या चपला तुटल्या होत्या, आणि मले घरी यायचं होतं.

लोभ मागत नाही.
इंद्रजीत